म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन एका दिवसात: विद्यार्थ्यांच्या गटासाठी उलटा हिशेब

ऑक्टोबरात नवी बॅच म्युनिकला उतरते. खोली मिळते, शहर-नोंदणी होते, बँकेचं खातं उघडतं आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो, "नॉयश्वानस्टाइनला कधी जायचं?" म्हणजे बव्हेरियाच्या डोंगरातला लुडविग राजाचा तो पांढरा राजवाडा. मी आजवर चार वेळा गट घेऊन गेलो आहे, सगळ्यात मोठा सतरा जणांचा. पहिल्याच वेळी चौघांचं आत जाणं हुकलं. त्या दिवशी गाडी वेळेवर होती, कुणी उशिरा आलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं नियोजन. सकाळची गाडी, मग बस, मग खाणं, मग चढण, असा मी पुढे पुढे हिशेब करत गेलो होतो. या सहलीचा हिशेब उलटा करावा लागतो. राजवाड्यात शिरायची वेळ आधी ठरते आणि तिथून मागे मागे येत घरातून निघायची वेळ सगळ्यात शेवटी कळते.

सुरुवात प्रवेशाच्या वेळेपासून

नॉयश्वानस्टाइनमध्ये आपल्या मनाने हिंडता येत नाही. राजवाड्याच्या गाइडबरोबर, ठरलेल्या मिनिटाला, ठरलेल्या क्रमांकाच्या तुकडीतूनच आत जायचं. फेरी साधारण अर्ध्या तासाची असते, जर्मन किंवा इंग्रजीतून, किंवा कानाला ऑडिओगाइड लावून. तिकिटावर तारीख, वेळ आणि फेरीचा क्रमांक छापलेला असतो. ती वेळ गेली की तिकीट गेलं.

म्हणून पहिलं काम ऑनलाइन तिकीट. वर्षाला १४ लाखांच्या आसपास माणसं इथे येतात, उन्हाळ्यात तर एका दिवसात सहा हजारांपर्यंत. पंधरा-वीस जणांना एकाच फेरीत जागा हवी असेल तर उन्हाळ्यात चार-पाच आठवडे आधी बसा. राजवाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाउ गावातल्या तिकीट केंद्रावर त्या दिवशीची उरलीसुरली तिकिटं मिळतात, पण गटाने त्या आशेवर जाऊ नये. दोघांना मिळेल, पंधरांना मिळणार नाही. तिकीट वीस युरोंच्या घरात आहे आणि विद्यार्थी सवलत अगदी किरकोळ. अठराखालच्यांना प्रवेश फुकट, पण त्यांचंही वेळ घातलेलं तिकीट काढावंच लागतं. कुणाचा धाकटा भाऊ सुट्टीत आला असेल तर हे लक्षात ठेवा.

पैशांचा नियम एकच ठेवा: पैसे आले की नाव लागलं. "मी नक्की येतोय, उद्या पाठवतो" म्हणणाऱ्याचं तिकीट तुमच्या खिशातून काढू नका. यात कुणाच्या मैत्रीवर संशय नाही. स्टुडंट जॉबच्या पैशांतून चार जणांची तिकिटं अंगावर पडली की त्या महिन्याचं वाणसामान हलतं, एवढंच.

उलटा हिशेब प्रत्यक्षात

समजा शनिवार आहे आणि फेरी दुपारी १ ची मिळाली.

१२:४० ला सगळे राजवाड्याच्या अंगणात हवेत. गावातून वर जाणारी वाट दीड किलोमीटरची आहे, डांबरी पण सतत चढी. एकटा माणूस ३५-४० मिनिटांत पोचतो. गटाला पाऊण तास ते तास लागतो, कारण पहिल्या वळणावर राजवाडा झाडांतून दिसला की सगळे फोन बाहेर येतात. तेव्हा गावातून ११:४० ला पाय उचलायचा. त्याआधी गावात अर्धा तास जातो: स्वच्छतागृहाची रांग, बाटल्या भरणं, कुणाला तरी भूक. म्हणजे बसमधून ११:१० ला उतरायला हवं. फ्युसेन हे जवळचं रेल्वे स्टेशन, तिथून बस दहा मिनिटांची, पण अख्ख्या गाडीची गर्दी त्याच बसच्या दारात उभी राहते आणि पहिल्या बसमध्ये सगळा गट मावेलच असं नाही. म्हणून फ्युसेन साडेदहा-पावणेअकराला. म्युनिक ते फ्युसेन दोन तास. गाडी साडेआठची.

इथे थांबू नका, आणखी एक पाऊल मागे या. फ्युसेनला साधारण तासाला एक गाडी असते. साडेआठची रद्द झाली तर पुढची साडेनऊला, आणि फेरी हातची जाते. जर्मनीतल्या गाड्या वेळेवर असतात ही गावाकडची समजूत इथे महिनाभर राहिलं की उतरते. म्हणून मी साडेसातचीच गाडी धरतो. एक गाडी हातची ठेवायची. ती लागली नाही तर तो तास तळ्याकाठी छान जातो.

आता हाच हिशेब कामाच्या दिवसाला लावून बघा. बायर्न-तिकिटावर (बव्हेरियातल्या रिजनल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) जाणार असाल तर सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं. म्हणजे फ्युसेनला पोचायलाच साडेअकरा. अशा दिवशी दुपारी अडीचच्या आतली फेरी घेऊ नका.

रेल्वेचं तिकीट

गटात आधी एक यादी करा: डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल-रिजनल प्रवासाचा महिन्याचा पास, कुणाकडे आहे? म्युनिकच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे सवलतीचं असतंच. त्यांना वेगळं काही काढायचं नाही. गाडीही त्यात येते आणि फ्युसेनहून होहेनश्वानगाउ गावाला जाणारी ७३ किंवा ७८ नंबरची बसही. सोबत पासपोर्ट किंवा रेसिडेन्स परमिट ठेवायचं, कारण तिकीट नावावर असतं आणि तपासनीस ओळखपत्र मागतो.

ज्यांच्याकडे ते नाही, त्यांचे पाच-पाचचे गट करून बायर्न-तिकीट काढा. पहिल्या माणसाचे तीसेक युरो, पुढच्या प्रत्येकाचे साधारण दहा, असा त्याचा हिशेब आहे. पाच जण मिळून गेलं तर माणशी खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, एकट्याने काढलं तर महाग पडतं. त्यावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. एका तिकिटावरचे पाचही जण एकत्रच राहिले पाहिजेत. परतताना "आम्ही दोघं मागच्या गाडीने येतो" चालणार नाही, हे तिकीट काढण्याआधीच सांगून टाका.

दोन्ही तिकिटं फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतात. वाटेतल्या बुखलो स्टेशनपर्यंत याच मार्गाने झुरिककडे जाणारी युरोसिटीही धावते. ती लवकर पोचवते म्हणून कुणी घाईत चढला तर दंड ठरलेला. फक्त एका महिन्यासाठी डॉइचलँड-तिकीट घेणाऱ्या पाहुण्यांना हेही सांगा की ती वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

माणसं वाटून घ्या

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हे नवीन नाही: एक लीड, एक बॅकलीड. लीड वाट आणि वेळ बघतो. बॅकलीड सगळ्यांच्या मागे चालतो आणि त्याच्या मागे कुणीही राहत नाही. इथे मी तिसरा माणूस वाढवतो, तिकीटवाला. सगळ्या प्रवेश-तिकिटांचे पीडीएफ त्याच्या फोनवर, शिवाय आणखी एकाच्या फोनवर आणि एक छापील प्रत पिशवीत. डोंगरात बॅटरी थंडीने उतरते आणि सतरा तिकिटं एकाच फोनमध्ये अडकून पडलेली मला पुन्हा बघायची नाहीत.

माणसं मोजायच्या जागा चार: म्युनिकचा प्लॅटफॉर्म, फ्युसेनची बस, राजवाड्याचं अंगण, परतीची गाडी. नावं पुकारत बसू नका. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि ओळीने म्हणायला लावा. सतरा जणांना दहा सेकंद लागतात.

डबा, पाणी, कपडे

रविवारी जर्मनीत सुपरमार्केट बंद. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पण तिथले भाव वेगळे. खरेदी शनिवारीच उरका. आमच्या गटात ठरलेलं असतं: कुणी पोळ्यांचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी, कुणी तिखट-मिठाच्या पुऱ्या, कुणी चिवडा. पुऱ्या थंडीतही मऊ राहतात, पराठे चिवट होतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली पुरे. होहेनश्वानगाउ हे पर्यटकांवर चालणारं गाव, तेव्हा बसून जेवलात तर खिसा हलका होणार. शाकाहारी माणसाला मेनूवर केझेश्पेट्सले हमखास दिसेल, चीज आणि तळलेल्या कांद्याचा तो प्रकार पोटभरीचा असतो. पण त्या शेवयांच्या पिठात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांना आधीच सांगा, ताटात आल्यावर नको.

एक आणि अर्ध्या युरोची नाणी प्रत्येकाने खिशात ठेवावीत, स्वच्छतागृहाला लागतात. बूट पकड असलेले हवेत. म्युनिकला ऊन असलं तरी डोंगरात पाऊस असू शकतो, म्हणून छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं: राजवाड्याजवळच्या दरीवरल्या पुलावर वारा असतो आणि छत्री उलटते. मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत, पाठीवर लहान पिशवीच असू द्या.

गाडीत सांगायची गोष्ट

आतली फेरी अर्ध्या तासात उरकते आणि गाइडला मागची तुकडी ढकलत असते. गोष्ट आधी माहीत नसेल तर सोनेरी भिंती डोळ्यांपुढून सरकतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून गाडीतल्या दोन तासांतली पंधरा मिनिटं मी यासाठी राखतो.

सुरुवात नावापासून करतो. आपण सरसकट 'किल्ला' म्हणतो, पण हा 'श्लोस' आहे, राजवाडा. इथे लढाईसाठी बांधलेली तटबंदी नाही, तोफांचे बुरूज नाहीत, वेढा पडला तर पुरेल असं पाण्याचं टाकं नाही. पायाचा दगड बसला ५ सप्टेंबर १८६९ रोजी. तोवर रेल्वे आली होती आणि माल वर चढवायला इथे वाफेवर चालणारी क्रेन होती. आतून विटांचं बांधकाम आणि बाहेरून पांढऱ्या चुनखडीच्या दगडाचा मुलामा. म्हणजे मध्ययुग संपून कित्येक शतकं झाल्यावर मध्ययुगाच्या ओढीने उभारलेली ही वास्तू. पहिली चित्रं काढली ती ख्रिस्टियान यांक या रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताने.

बांधणारा राजा लुडविग दुसरा. १८६४ मध्ये, अठराव्या वर्षी तो बव्हेरियाच्या गादीवर आला. दोनच वर्षांत प्रशियाशी झालेल्या युद्धात त्याची बाजू हरली आणि पुढे १८७१ मध्ये बव्हेरिया जर्मन साम्राज्यात सामील झाला. नावाला राजा उरलेल्या माणसाने स्वतःपुरतं एक राज्य दगडात उभं करायला घेतलं. संगीतकार वाग्नरवर त्याची भक्ती होती. 'लोहेनग्रिन' या ऑपेरातला हंसाचा सरदार त्याच्या मनात लहानपणापासून बसलेला. म्हणून आत जिकडे तिकडे हंस दिसतात. पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता, स्वतःचा आणि कर्जाऊ. १८८५ पर्यंत कर्ज १ कोटी ४० लाख मार्कांवर गेलं. जून १८८६ मध्ये डॉक्टरांच्या मंडळाने त्याला प्रत्यक्ष न तपासताच वेडा ठरवलं. याच राजवाड्यातून त्याला ताब्यात घेऊन नेलं आणि १३ जूनला म्युनिकजवळच्या स्टार्नबेर्ग तळ्यात त्याचा मृतदेह सापडला. अहवाल देणारे डॉक्टर गुडेनही त्याच पाण्यात मेलेले. तो या राजवाड्यात सगळे मिळून १७२ दिवस राहिला. पुढच्या सात आठवड्यांत, १ ऑगस्टला, राजवाडा तिकीट लावून लोकांसाठी उघडला. 'नॉयश्वानस्टाइन' हे नावही त्याच्या मृत्यूनंतरचं.

मराठी मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात आपले मराठ्यांचे बारा किल्ले गेले: महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी. मागच्या खेपेला हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "दादा, मग मी राजगड अजून बघितलेलाच नाही." त्यानंतर गाडीत बराच वेळ राजगड-रायगडच चालले होते.

प्रत्यक्ष दिवस

म्युनिक मुख्य स्थानकाचे तीन भाग आहेत. मधल्या मोठ्या सभागृहाशिवाय दोन्ही बगलांना वेगळे फलाट आहेत, तिथवर सहज सात-आठ मिनिटं चालावं लागतं. म्हणून भेटायची वेळ गाडीच्या अर्धा तास आधी, आणि भेटायची जागा फलाटावरच, "स्टेशनवर भेटू" नको. गाडी थेट फ्युसेनची आहे की वाटेत बदलायची, हे त्याच दिवशी अ‍ॅपवर बघा. काही गाड्या अर्ध्या वाटेत दोन भागांत तुटतात, तेव्हा चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा.

फ्युसेनला उतरलात की स्टेशनबाहेरच बस उभी असते. बॅकलीड चढल्याशिवाय लीडने चढू नये. अर्धा गट मागे राहिला तर घाबरू नका, पुढची बस येते. चालत गेलं तरी चारच किलोमीटर आहे.

गावातून वर जायचे तीन मार्ग. पायी, हे माझं मत. घोडागाडीला रोख पैसे लागतात, रांग असते आणि ती राजवाड्याच्या दाराशी सोडत नाही, तिथून पुढेही थोडं चढावं लागतं. तिसरी शटल बस, ती मारियनब्रुक पुलाजवळ सोडते आणि तिथून राजवाड्याकडे उतार आहे. गुडघा दुखणारा कुणी असेल तर त्याला बसने पाठवा, सोबत एक माणूस द्या. बर्फ पडला की ही बस बंद असते. आत गेल्यावरही चढून-उतरून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्याची कल्पना त्याला आधी द्या.

आता अंगण. पहिल्या वेळी चौघं हुकले ते इथेच. फिरत्या दांड्यांचं फाटक आहे आणि वर पडद्यावर फेरीचा क्रमांक झळकतो. आपला क्रमांक आला की फाटक तेवढ्यापुरतं उघडतं, काही मिनिटांत पुढचा क्रमांक येतो. आमचे चौघे तेव्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. धावत आले तेव्हा पडद्यावरचा आकडा एकाने पुढे सरकला होता. त्यातली एक बार्शीहून आलेली मुलगी तिकिटाचा कागद हातात धरून पडद्याकडे बघत उभी राहिली, ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: स्वच्छतागृह गावातच, आणि वर अंगणात पोचल्यावर फाटकापासून कुणी हलायचं नाही.

आत फोटोला बंदी आहे. फोन खिशात गेला की डोळे मोकळे होतात, म्हणून काय शोधायचं ते सांगून ठेवतो. सिंहासनाच्या दालनात ९६ मेणबत्त्यांचं, ९०० किलोंचं झुंबर आहे आणि जमिनीवर २० लाखांहून जास्त बारीक दगडांची नक्षी. संगमरवरी पायऱ्या चढून नजर वर जाते आणि तिथे काहीच नाही. सिंहासन बनायच्या आधी राजा गेला. त्या रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबा. शयनगृहातलं लाकडी कोरीवकाम १४ कारागिरांनी चार वर्षं केलं. हात धुवायच्या तोटीला हंसाचा आकार आहे. दिवाणखान्यातून अभ्यासिकेकडे जाताना एकदम कृत्रिम गुहा लागते, तिथे बरेच जण दचकतात. आणि शेवटी स्वयंपाकघर चुकवू नका. गाइडची फेरी संपली की लोक दुकानाकडे वळतात, पण खाली जाणाऱ्या वाटेवर ते आहे: आपोआप फिरणारे भाजायचे गज, गरम पाण्याची सोय. सगळ्या मजल्यांवर वाहतं पाणी, गरम हवेने उबदार होणाऱ्या खोल्या, टेलिफोन, हे सगळं १८८०च्या दशकात. मेकॅनिकलच्या मुलांना तिथून ओढून काढावं लागतं.

पूल फेरीनंतरच. आधी गेलात तर उन्हाळ्यात पुलावर शिरायलाच रांग लागते आणि लक्ष सगळं घड्याळात. पोल्लाट दरीवर ९० मीटर उंच टांगलेला तो पूल राजाच्या आईच्या, मारीच्या नावाचा. पायाखाली लाकडी फळ्या, त्यांच्या फटींतून धबधब्याचा आवाज येतो. उंचीची भीती असलेल्याला टोकाशीच उभं राहू द्या, आग्रह करू नका. पुलापलीकडच्या डोंगरात कुंपण ओलांडून फोटो काढायला जाणारे दिसतात. आपल्या गटातून कुणी जाणार नाही, हे लीडने तिथेच उभं राहून बघायचं. आणीबाणीचा नंबर ११२.

उतरून आल्यावर आल्पझे तळ्याकाठी डबे उघडा. अख्ख्या दिवसातली सगळ्यात शांत जागा ही. लुडविगचं बालपण ज्या पिवळ्या होहेनश्वानगाउ राजवाड्यात गेलं, तो मागे दिसतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकू नका, परत दिल्या की प्रत्येकीचे २५ सेंट मिळतात. कचरा पिशवीत भरून स्टेशनपर्यंत आणा.

हिवाळ्यात जाणार असाल तर

ऑक्टोबरच्या मध्यापासून राजवाडा १० ते ४ एवढाच उघडा असतो. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला आणि १ जानेवारीला बंद. बर्फ झाला की पूलही बंद होऊ शकतो, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. म्हणून सकाळी ११-१२ ची फेरी धरा. पण बर्फातला तो पांढरा राजवाडा ज्याने बघितला, तो उन्हाळ्याची गर्दी पुन्हा शोधत नाही. नवी बॅच पहिल्या बर्फाला न्यावी असं मला वाटतं, फक्त बूट चांगले हवेत.

परत

संध्याकाळी पाचच्या सुमारास गावातल्या बस थांब्यावर सगळ्यांचीच गर्दी होते. फ्युसेनच्या गाडीला पाऊण तास असतानाच थांब्यावर उभे राहा, किंवा मग थेट चालत निघा. गाडीत बसलात की पुन्हा क्रमांक पुकारा. बुखलोला गाडी बदलायची असेल तर बॅकलीडने जागं राहायचं. सकाळी साडेसातची गाडी पकडलेले सगळे तोवर एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले असतात, आणि बदलायला कधी कधी पाचच मिनिटं असतात.